पोक नाही, खड्डा पडलेला केक

अमळनेर,
वैशाख शुद्ध दशमी

प्रिय चिमे,

तुझा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोकोने बरबटलेले होते. "नंतर करते" म्हणून ठेवला, आणि ते नंतर काही उगवलं नाही. आज दुपारी सगळं घर आडवं झालंय. बाहेर उन्हाने डोळे दिपतायत, कूलरमधलं पाणी संपलंय आणि उठून बादली ओतायचा कंटाळा आलाय. फोनवर कृती सांगायला बसले तर तू मधेच तुझ्या घरचं गाऱ्हाणं काढशील, मी माझ्या घरचं, आणि साखर किती घ्यायची ते राहूनच जाईल. म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले नाही, हे तुला आईकडून कळलंच असेल. जाणार तरी कुठे? आई दादाकडे सुरतेला, घराला कुलूप. आपल्या निंबाला यंदा झोका बांधला की नाही, तेही कुणाला विचारलं नाही. इकडे मात्र ताई (माझी नणंद गं) पाच वर्षांनी आखाजीला आल्या. त्यांची दोन पोरं, जाऊबाईंची दोन, माझी एक. घागर भरली, डांगर चिरलं, आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या. सासूबाईंनी सत्तरी ओलांडल्यावरही खापरावर मांडे टाकले. तो मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत त्या एवढा मोठा करतात की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. मी अजून खापराला हात लावलेला नाही. एकदा लावला होता, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

पुरण-आमरसाचे तीन दिवस झाल्यावर भाचा म्हणाला, "मामी, आता काहीतरी चॉकलेटचं कर ना, थंडगार." आणि भाचीने मोबाइलवर दाखवला तो पोक केक. भाजलेल्या केकला भोकं पाडायची आणि त्यांत कॅरॅमल ओतायचं, एवढीच त्याची करामत. अमेरिकेतली ही युक्ती, १९७०च्या दशकात जेलीच्या पाकिटांच्या जाहिरातींतून घराघरांत गेलेली. तेव्हा भोकांत पातळ जेली ओतायचे, पुढे लोक काहीही ओतायला लागले.

सासूबाईंनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "पोक? केकले पोक कशी येई?" भाचीने पाठ वाकवून दाखवली, आजीलाच वाटलं पोरगी आपली नक्कल करतेय. पुढची दहा मिनिटं ते निस्तरण्यात गेली.

आता नीट वाच. आठ इंची चौकोनी डब्याचं माप देते. मापाचा कप २४० मिलीचा असतो, चहाच्या कपाने मोजू नकोस. दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ. हे सगळं दोनदा चाळून घे, कोकोच्या गाठी फार हट्टी असतात. दुसरीकडे एक कप पाणी, पाव कपाहून थोडं जास्त तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर, व्हॅनिला. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. टंचाईच्या काळात अमेरिकन बायका करायच्या तो केक आहे हा, आणि आपल्याकडे चतुर्थीवाल्या सासूबाईंपुढेही बिनधास्त ठेवता येतो. फक्त ओलं आणि कोरडं एकत्र केलंस की गप्पा मारत बसू नकोस. व्हिनेगर आणि सोडा भेटले की लगेच गॅस सुटायला लागतो, तो डब्यातच सुटला पाहिजे, तुझ्या भांड्यात नव्हे. डबा १८० अंशांवर आधीच तापलेल्या ओव्हनमध्ये टाकायचा, अर्धा ते पाऊण तास.

मी टाकला. सोळाव्या मिनिटाला लाईट गेली.

चिमे, मी ओव्हनसमोर उभी होते आणि तो लाल दिवा विझताना बघत होते. पाच पोरं एकदम "ओऽऽ" करून ओरडली. ओव्हनचं दार उघडलं नाही, एवढं शहाणपण सुचलं. मोठ्या पातेल्यात दोन बोटं जाड मीठ पसरलं, आत तिवई ठेवली, झाकण ठेवून दहा मिनिटं गॅसवर तापवलं आणि मग डबा त्यात सोडला. अजून पंचवीस मिनिटं, मंद आचेवर. सुरी घातली तर कोरडी बाहेर आली, पण केक मधोमध बसला होता. चांगला वाटीएवढा खड्डा. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "पोक नाही गं, हा तर खड्डा." त्या हसल्या म्हणून मी पण हसले, नाहीतर रडायचीच बाकी होते.

पण ऐक, तुझं हेच दुखणं आहे ना? गेल्या वर्षी पोराच्या वाढदिवसाला तुझा केक कोरडा झाला, मधे बसला, आणि तुझे सासरे पाहुण्यांसमोर "वीट छान झाली" म्हणाले. तेव्हापासून तू बेकरीतून आणतेस. तर तुझ्यासारखीसाठीच आहे हा केक. याला भोकंच पाडायची आहेत, मग तो सरळ बसला काय आणि वाकडा बसला काय! कोरडा असेल तर जास्त पितो, आणि खड्डा असेल तर तिथे कॅरॅमलचं तळं होतं. आमच्या पोरांनी तर तळ्याच्या तुकड्यावरून मारामारी केली.

केक कोमट असतानाच लाकडी पळीच्या दांड्याने भोकं पाडायची, साधारण इंचभर अंतरावर. दोन तृतीयांश खोल गेलीस की थांब. तळापर्यंत गेलीस तर सगळं कॅरॅमल खाली जमून डब्याला चिकटेल. हे काम मी पोरांना दिलं. सात ओळी, सात-सात भोकं, म्हणजे ४९ व्हायला हवी होती, पण निघाली ५३. चार बोटाने पाडलेली होती, आणि बोट कुणाचं ते कुणीच कबूल केलं नाही.

खरी परीक्षा कॅरॅमलची. विकतचं इथे मिळत नाही, आणि मिळालं असतं तरी त्याचे भाव बघून मी परत आले असते. एक कप साखर नुसती कढईत घातली आणि चमच्याने ढवळत बसले. ढवळता ढवळता तिची वाळू झाली, नुसते पांढरे दाणे. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "पाक करस ना? मग लिंबू कुठे शे?" आणि मी थक्क! अगं, आपण गुलाबजामच्या पाकाला दोन थेंब लिंबू पिळतो ते यासाठीच तर. आंबटाने साखर थोडी फुटते, तिचे दुसऱ्या जातीचे कण तयार होतात, आणि मग उरलेल्या साखरेला पुन्हा दाणा धरू देत नाहीत. हे मला भाचीच्या मोबाइलने सांगितलं. सासूबाईंना मोबाइलची गरज नव्हती.

मग नव्याने घेतलं. एक कप साखर, तीन चमचे पाणी, लिंबाचे चार थेंब. साखर विरघळेपर्यंतच ढवळायचं, नंतर चमचा बाजूला. कढई फक्त हलवायची. आधी बुडबुडे, मग कडेने पिवळं, मग मधाच्या रंगाचं. १६०-१७० अंशांच्या आसपास साखर रंग धरायला लागते. थर्मामीटर आपल्याकडे कुठला, रंगावर आणि वासावरच जायचं. सासूबाईंचा धीर सुटला. "साखर जळी गयी व माय!" म्हणत त्यांनी गॅसच्या बटणाकडे हात नेला, मी तो धरून ठेवला. सासूचा हात धरायची माझी बारा वर्षांतली पहिलीच वेळ! तांब्याच्या पैशासारखा रंग आला तेव्हा मीच गॅस बंद केला. त्याच्या पुढे एक क्षण जरी गेला तर कडू होतं, मग फेकण्याखेरीज उपाय नाही.

त्यात ८० ग्रॅम लोणी आणि दीडशे मिली फ्रेश क्रीम. क्रीम फ्रीजमधून काढून तसंच ओतू नकोस, कोमट कर, नाहीतर गठ्ठे होतात. आणि कढई मोठीच घे. क्रीम पडल्याबरोबर ते सगळं फसफसून दुप्पट वर येतं आणि वाफ मनगटापर्यंत पोचते. सासूबाई दोन पावलं मागे सरल्या, पोरं चार. मीठ टाकू नकोस, आपलं विकतचं पिवळं लोणी खारटच असतं. थोडं निवल्यावर अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क घालून सारखं केलं. ते नसतं तर कॅरॅमल भोकांत उतरायच्या आधीच घट्ट झालं असतं. याने ते नाकपुसणीच्या शेंबडासारखं… नाही, खायचं लिहितेय, मागे घेते. भज्याच्या पिठासारखं पातळ झालं.

ओतताना सासूबाई जवळ आल्या. पहिली पळी दिसेनाशी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. "बठ्ठं पी गया!" म्हणाल्या. आणि मग, "हाई तर आपली बट्टी शे." चिमे, मला हे सुचलंच नव्हतं. वरण-बट्टीला बट्टी कुस्करतो आणि वरून तूप सोडत राहतो, तूप जातं कुठे ते कळत नाही, आणि वाढणारी म्हणते अजून घे, अजून घे. तेच तर होतं हे. तिथून पुढे पळी त्यांच्याच हातात राहिली. मी मोजून पाऊण भाग ओतणार होते, त्यांनी सगळंच ओतलं.

वर व्हिप्ड क्रीम हवं असतं. त्यासाठी जळगावहून एक खोकं आणवलं होतं. हे क्रीम गोठवलेलंच राहिलं पाहिजे, पण त्या दुकानात रात्री फ्रीजर बंद करत असावेत. फेटायला घेतलं तर फुगायचं नावच घेईना, ताकासारखं फुटलं. दोनशे रुपये पाण्यात. सासऱ्यांनी खोकं उचलून चष्म्याच्या वरून घटक वाचले, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल वगैरे, आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे तर डालड्याचंच भावंड!" मग काय, सुरू झालं. १९४५ साली आपल्या या गावात वनस्पती तुपाचा कारखाना कसा निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, त्याचीच पुढे विप्रो कशी झाली, आणि तेव्हा शेअर घेऊन ठेवलेल्यांचं काय झालं. अमळनेरच्या प्रत्येक घरात "आपण तेव्हा घेतले असते तर" म्हणणारं एक माणूस असतंच, आमच्याकडचे हे. ताईंनी पाच वर्षांत पहिल्यांदा ऐकलं म्हणून त्यांना मजा वाटली. मी कढई घासत होते.

क्रीमऐवजी मी काय केलं सांगू? वाळू झालेली पहिली साखर टाकून दिली नव्हती. ती पुन्हा वितळवून भाजलेले शेंगदाणे घातले, ताटाला तूप लावून थापली, आणि झाली चिक्की. खलबत्त्यात जाडसर कुटून केकवर पसरली. मऊ केकमधे ते कुरकुरीत दाणे इतके छान लागतात की आता क्रीम मिळालं तरी मी घालणार नाही. मात्र चिक्की वाढायच्या वेळीच घाल, आधी घातलीस तर फ्रीजमध्ये ओलावते.

हो, फ्रीज! केक रात्रभर थंड व्हायलाच हवा, इथे मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं लोणीसुद्धा तूप होतं. फ्रीजमध्ये आमरसाची तीन पातेली होती. एक बाहेर काढून सगळ्यांना रात्री साडेदहाला वाटी वाटी रस पाजला, तेव्हा कुठे डब्याला जागा झाली.

सकाळी वाढायचा होता. पण रात्री बाराच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले तर फ्रीजच्या उजेडात ताई उभ्या, हातात चमचा. कोपरा पोखरलेला. मला बघून दचकल्या, मग दुसरा चमचा काढून माझ्या हातात दिला. दोघी ओट्याला टेकून उभ्या उभ्या खाल्लं. नाशिकला त्या पहाटे पाचला उठतात, दोन डबे भरतात, नोकरीला जातात. म्हणाल्या, "इथे आले की दुसऱ्याने केलेलं खाते, तेवढंच." मी म्हटलं, "हो ना." त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाल्या, "तू कधी जाणारेस आईकडे?" मी म्हटलं सुरतेला काय जायचं, तिथे आईच पाहुणी. पुढे कुणी बोललं नाही. आम्ही दुसरा कोपराही संपवला.

सकाळी पोरांनी दोन कोपरे गेलेले पाहून उंदरावर आळ घेतला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी स्वतःचा तुकडा दोनदा घेतला आणि म्हणाल्या, "गोड शे, पन चांगलं लागस." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप आहे. तू त्यांना ओळखतेस.

उद्या सखाराम महाराजांचा रथ आहे. बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरलीय, पोरांना पाळण्यात बसवायचं कबूल केलंय, त्यामुळे ती उठायच्या आत हे पाकिटात घालते. ताई पौर्णिमेची पालखी बघून जाणार. त्यांनी जाताना न्यायला अजून एक केक सांगितलाय, तर परवा पुन्हा मीठ तापवते. या वेळी ओव्हनच्या नादी लागत नाही.

तू करशील तेव्हा आदल्या दिवशी कर, आणि सासऱ्यांना तळ्याचा तुकडा दे. मग सांग काय म्हणतात ते.

आणि हो, तो आठ इंची जर्मनचा (अॅल्युमिनियमचा गं) डबा म्हणजे दोन दिवाळ्यांपूर्वी तू चिरोटे भरून पाठवलेला तोच. परत मागू नकोस, मिळणार नाही.

तुझी,
ठकू