बाबा, या सिनेमाला कानाचं मशीन लागत नाही

बर्लिन

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं जमणार नाही म्हणून लिहितोय. बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि जेवढं येतं त्यातलं नको असलेलं आलं की "घे, आईशी बोल" म्हणून फोन पुढे सरकतो. पत्र निदान टेबलावर पडून राहील.

फेब्रुवारीत मी तुम्हाला माझ्याबद्दल, म्हणजे मला पुरुष आवडतात हे, सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "हे सगळं हल्लीचं आहे रे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं." आणि आई, तू विचारलंस, "आमचं काय चुकलं?" त्या वेळी मला दोन्हींवर काही बोलता आलं नाही. मग मागच्या महिन्यात एक मूकपट पाहिला आणि घरी येताना ट्राममध्ये तुमचीच वाक्यं डोक्यात घोळत राहिली.

सिनेमा जर्मन आहे, 'आन्डर्स आल्स दी आन्डर्न', म्हणजे 'इतरांहून वेगळे'. मे 1919 मध्ये इथेच, बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला. बाबा, आजी 1921 ची. म्हणजे तुमची आई जन्मायच्याही आधीचा. दिग्दर्शक रिखार्ड ओस्वाल्ड, आणि नायक कोनराड फाइट. तुम्ही फिल्म सोसायटीत पाहिलेला 'कॅलिगरी' आठवतो का? त्यातला झोपेत चालणारा, काळ्या कपड्यांतला उंच माणूस, तोच हा. पण इथे तो भूत नाही. पाऊल क्योर्नर नावाचा व्हायोलिनवादक आहे आणि कुर्ट नावाच्या शिष्यावर त्याचा जीव जडतो. कुर्टचाही त्याच्यावर. दोघं बागेत फिरताना एक जण त्यांना पाहतो आणि पैसे मागायला लागतो.

त्या माणसाला हे का जमतं? कायद्यामुळे. जर्मन दंडसंहितेचं कलम 175. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर तुरुंग. हे कलम होतं तोवर कुणीही कुणालाही दारात गाठून खिसा रिकामा करायला लावू शकत होता. पाऊल शेवटी पोलिसांत जातो. खंडणी मागणाऱ्याला शिक्षा होते, पण त्याच खटल्यात पाऊललाही होते. शिक्षा थोडीशीच. पण कार्यक्रम रद्द होतात, ओळखीचे लोक तोंड फिरवतात आणि तो विष घेतो. आई, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर बघताना तू घाबरशील. मी तसा नाही, आणि माझ्यावर तशी वेळही नाही.

मला खरं सांगायचंय ते मधल्या एका प्रसंगाबद्दल. पाऊलचे आईवडील त्याच्या मागे लागलेत, लग्न कर म्हणून. (स्थळ बघणं हे काही फक्त आपल्याकडचं नाही!) तो स्वतः काही बोलत नाही, त्यांना एका डॉक्टरांकडे पाठवतो. चष्मा, जाड मिशा, शांत चेहरा असे ते डॉक्टर त्या दोघांना समोर बसवून सांगतात की मुलाला दोष देऊ नका, हा गुन्हा नाही, आजारसुद्धा नाही, निसर्गातलाच एक प्रकार आहे. आईवडील काहीच बोलत नाहीत. मूकपट आहे म्हणून नव्हे, त्यांना सुचतच नाही. आई, तुझा त्या दिवशीचा चेहरा मी पाहिला नाही, पण तो असाच असणार.

आणि ते डॉक्टर नट नव्हते. माग्नुस हिर्शफेल्ड, खरेखुरे डॉक्टर. सिनेमाच्या लेखनातही त्यांचा हात होता. 1897 पासून हे कलम रद्द व्हावं म्हणून ते सह्या गोळा करत होते. सिनेमा आला त्याच वर्षी, जुलै 1919 मध्ये, त्यांनी इथे लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली. 1931 मध्ये ते भारतातही येऊन गेले होते. याच सिनेमात डॉक्टरांच्या आधी पाऊल एका संमोहनवाल्याकडेही जातो, बरं व्हायला. उपयोग शून्य. म्हणून मावशीने सुचवलेल्या त्या गृहस्थांचा नंबर मी जपून ठेवलेला नाही, हे तिला तूच गोड भाषेत सांग.

सिनेमाला गर्दीही झाली आणि दंगाही. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, पायउतार झाल्यावर सेन्सॉर उठलं होतं, म्हणून तो निघू शकला. 1920 मध्ये सेन्सॉर परत आलं आणि त्यावर बंदी आली. डॉक्टर-संशोधकांपुरता बघायची मुभा राहिली. पुढे बऱ्याच प्रती नष्ट झाल्या. हिर्शफेल्डनी 1927 च्या एका सिनेमात त्याची छोटी आवृत्ती घातली होती, ती युक्रेनियन पाट्यांसकट सापडली, म्हणून आज निदान काही भाग तरी हातात आहे. मध्येच कथा तुटते, तिथे नुसते फोटो आणि मजकूर येतो.

आता एक कबुली. गेल्या वर्षी तुम्ही इथे आलात तेव्हा आपण बेबेलप्लात्स या चौकात गेलो होतो. जमिनीत काच आणि खाली रिकामी पांढरी शेल्फं. बाबा, तुम्ही वाकून विचारलंत, "पुस्तकं कुठायत?" मी म्हटलं, 10 मे 1933 ला नाझींनी इथे लेखकांची पुस्तकं जाळली. ते खरं होतं, पण मी अर्धंच सांगितलं. त्याच्या चार दिवस आधी विद्यार्थ्यांच्या टोळीने हिर्शफेल्डची संस्था लुटली होती आणि तिथलं ग्रंथालयही याच आगीत गेलं. ते स्वतः तेव्हा देशाबाहेर होते. पॅरिसमध्ये एका थिएटरात बातमीपटात त्यांनी ही होळी पाहिली. परत ते कधीच आले नाहीत, 1935 मध्ये फ्रान्समध्येच, नीसला वारले. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. योनास शेजारी उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलंही. मी विषय बदलून तुम्हाला आइस्क्रीम खायला नेलं.

"आमच्या वेळी नव्हतं" याबद्दल अजून एक. बाबा, अण्णांच्या ट्रंकेत तळाशी 'समाजस्वास्थ्य'चे अंक होते, मला लहानपणी हात लावू दिला नव्हतात ते. र. धों. कर्वे 1927 पासून ते काढत होते. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. हरले, दंड भरावा लागला. पण म्हणजे मराठीतही लोक असले प्रश्न पोस्टाने पाठवत होते. आमच्या घरात तर ते ट्रंकेत होते!

(अण्णा बालगंधर्वांचे वेडे होते, किंवा फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले, हे मी पुरावा म्हणून सांगणार नाही. तेव्हा बायका पडद्यावर यायला तयार नसत, म्हणून पुरुष साडी नेसत. ती गोष्ट निराळी. जे आपलं नाही ते ओढून घ्यायला मला आवडत नाही.)

सिनेमाच्या शेवटी कायद्याचं पुस्तक उघडतं आणि एक हात ब्रशने 175 वर काट मारतो. प्रत्यक्षात ते कलम जायला 1994 उजाडलं. आपलं 377 आमच्यासारख्यांच्या मानेवरून उतरलं 6 सप्टेंबर 2018 ला. त्या दिवशी मी पुण्यातच होतो. तुम्ही बातम्या बघत होतात, मी बाजूला बसून शेंगा सोलत होतो. तिघंही काही बोललो नाही.

दिवाळीला येतोय. सिनेमा बरोबर आणतोय, तासाभराचाही नाही. बाबा, संवाद नाहीत, त्यामुळे मशीन लावायची कटकट नाही. पाट्या जर्मनमध्ये आहेत, म्हणून मी एका दोनशे पानी वहीत सगळ्या मराठीत लिहून काढल्यात, जाड स्केचपेनने, एका पानावर एकच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिलाही दिसतील. पानं मी उलटेन.

योनासही येतोय. गेल्या वेळी मी त्याला फ्लॅटमेट म्हटलं होतं आणि तू त्याला दोनदा भेंडीची भाजी वाढलीस. त्याचं अंथरूण कुठल्या खोलीत घालायचं ते तू ठरव आणि कळव.

तुमचा,
नितीन