परवानाधारक जामीन एजंट कशाला हवेत?

महोदय,

अमेरिकेसारखे परवानाधारक जामीन एजंट आपल्याकडेही असावेत, म्हणजे कोर्टाच्या आवारातला भाडोत्री जामीनदारांचा धंदा आपोआप बसेल, असं सुचवणारं पत्र या सदरात वाचलं. नोकरीची सगळी वर्षं तालुका कोर्टात काढलेल्या मला हे पटत नाही.

तिकडे कोर्टाने 50 हजार डॉलर जामीन ठरवला आणि घरात तेवढी रोकड नसली, तर नातेवाईक एजंट गाठतात. तो साधारण दहा टक्के, म्हणजे 5 हजार घेतो आणि विमा कंपनीच्या पाठबळावर पूर्ण रकमेची हमी कोर्टाला लिहून देतो. परवाने राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात ते राज्याचं विमा खातं देतं आणि एजंटाचा परवाना चालू आहे की नाही, हे खात्याच्या वेबसाइटवर दिसतं. (मुलं तिकडे असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.) पण ते 5 हजार गेले ते गेलेच. आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, निर्दोष सुटला, तरी परत नाहीत. ज्याच्याकडे रोकड असते तो ती कोर्टात भरतो आणि खटला संपल्यावर बहुतेक सगळी परत घेतो. भुर्दंड पडतो तो गरिबालाच. केंटकी, ऑरेगॉन, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या राज्यांनी हा धंदाच बंद केला. इलिनॉयने तर सप्टेंबर 2023 पासून रोख जामीनही रद्द केला. त्यांनी टाकलेलं आपण का उचलायचं?

आपल्याकडे परवानाधारक एजंट नाहीतच. वकिलालाही स्वतःच्या अशिलाला जामीन राहता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. त्यामुळे 'जामीनदार पुरवतो' म्हणत गेटवर गाठणाऱ्याला कुणीही नेमलेलं नसतं. त्याने आणलेला माणूस सातबारा, आधार, ऐपतीचा दाखला अशी जय्यत तयारी करून येतो. न्यायाधीश साहेबांनी 'आरोपी तुमचा कोण?' विचारलं की 'भावकीतलाच' म्हणतो आणि नाव विचारलं की तळहातावरची चिठ्ठी बघतो. कागद बनावट निघाले तर नवा गुन्हा दाखल होतो आणि त्यात कधी कधी आरोपीचे घरचेही ओढले जातात. खरा जामीनदारही सुटत नाही: आरोपी पळाला तर मुचलक्याची, म्हणजे लिहून दिलेल्या हमीची रक्कम त्याच्याकडून वसूल होते, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद.

भाडोत्री माणसं येतात ती स्थानिक, मालमत्तावाल्या जामीनदाराच्या हट्टामुळे. बीडचा ऊसतोड मजूर साताऱ्यात अटक झाला तर त्याच्यासाठी साताऱ्यात सातबारा कोण पुढे करणार? मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात 1978 साली हेच झालं होतं. 10 हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर ताशेरे ओढले आणि रक्कम हजारावर आणली. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं: स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. तरी 'लोकल शुअरिटी'चा हेका सुटत नाही.

नवी सोय काढण्यापेक्षा हे आदेश पाळले जावेत. कष्टकऱ्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सोडावं, नाहीतर त्याला झेपेल एवढी रोख घ्यावी. तीही झेपत नसेल तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना आहे. जामिनाची रक्कम भरायला तिच्यातून मदत मिळते. हे सगळं कोर्टाच्या गेटवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं हवं, कारण गेटवरचा माणूस यातलं काही सांगणार नाही. आपल्या वृत्तपत्रानेही एकदा सविस्तर छापावं. ज्यांचं माणूस आत्ता आत आहे त्यांनी मात्र छापून येण्याची वाट न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. कोठडीतल्या माणसाला तिथून वकील फुकट मिळतो.

– एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा