कानाझावाहून वहिनीला पत्र

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. फोनवर आईचे दोनच प्रश्न असतात, जेवलीस का आणि थंडी किती, त्यात बाकीचं सगळं सांगायचं राहून जातं म्हणून आज बसून टाइप करतेय. रात्री मशीनवर झाकण टाकलं की निवांत वाचा आणि आईलाही वाचून दाखवा. तिला सांगा जेवते वेळेवर, थंडी भरपूर आहे, आणि पाऊस तर विचारूच नका. इथले लोक म्हणतातच की डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका.

दादाला वाटतं जपान म्हणजे नुसते रोबो आणि बुलेट ट्रेन. ट्रेन आहेच, टोकियोहून अडीच-तीन तासात येते, पण हे गाव वेगळंच आहे हो. इथे माएदा नावाचं घराणं होतं, तांदळाचं उत्पन्न एवढं की शोगुनच्या (म्हणजे तेव्हा जपानवर राज्य चालवणारा सेनापती) खालोखाल हेच श्रीमंत, आणि तोच सगळा घोळ, कारण एवढा पैसा सैन्यावर घालवला तर शोगुनला संशय येणार. मग त्यांनी तो कारागिरांवर घातला. शस्त्रं-चिलखतं दुरुस्त करायला काढलेल्या कारखान्यात पुढे लाखकाम, धातूकाम असलं सगळं व्हायला लागलं. शिवाय दुसऱ्या महायुद्धात गावावर बॉम्ब पडले नाहीत त्यामुळे जुन्या गल्ल्या अजून तशाच आहेत. २००९ मध्ये युनेस्कोने हस्तकलेचं शहर म्हणून यादीत घेतलंय, आणि २०२० मध्ये तर टोकियोतलं राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयच उचलून इथे आणलं. एक गोल काचेचं मॉडर्न आर्टचं म्युझियम पण आहे, तिथे पर्यटकांची हीऽ गर्दी. मला आपली छोटी दुकानं आणि गॅलऱ्याच आवडतात, कुणी आत बसून काम करत असतं आणि आपण बघत उभं राहिलो तरी काही म्हणत नाही.

आता तुमच्या कामाचं. इथल्या भरतकामाला कागा-नुई म्हणतात. कागा म्हणजे हा जुना प्रांत. बौद्ध धर्माबरोबर हे काम इकडे आलं, आधी देवळातली वस्त्रं आणि भिक्षूंच्या अंगावरची, किमोनोवर नंतर आलं. एका ठिकाणी थोडा वेळ शिकवतात तिथे मी गेले होते. शिकवणाऱ्या आजी सत्तरीच्या तरी असतील, चष्मा नाकावर, शेजारी रेडिओ चालू. कापड लाकडी फ्रेमवर ताणलेलं असतं तुमच्यासारखंच, पण तुमच्या आरीच्या भरतकामात हूकवाली सुई वरून आणि दोरा खालून, इथे साधी सुई, एक हात वर एक हात खाली आणि सुई अख्खी आरपार जाते. म्हणजे तुम्ही ज्या स्पीडने साखळी ओढता तेवढ्यात यांचे चार टाके पण होणार नाहीत. आणि रेशीम पीळ न घातलेलं, सपाट, कापसासारखं हलकं. पीळ त्या स्वतः घालतात, तळहातांमध्ये दोरा धरून सर्रकन घासायचा. कमी पीळ दिला तर चमक जास्त, जास्त दिला तर दोरा मजबूत पण जरा मंद दिसतो, म्हणून एकाच फुलात पाकळीला वेगळा आणि देठाला वेगळा पीळ. पाकळीखाली आधी सुती दोऱ्याचे टाके घालून उठाव आणतात आणि मग वर रेशीम, गुलाबीचा पांढरा कुठे झाला ते शोधून सापडत नाही. मी केलेली पाकळी त्यांनी हातात घेतली आणि आधी उलटी करून मागची बाजू बघितली! मला एकदम तुमचीच आठवण झाली, त्या नव्या पोरीचं काम तुम्ही तस्संच बघता.

बाहेर शोकेसमध्ये याच भरतकामाचा एक ब्रोच होता, दोन रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, एक फूल आणि दोन पानं. किंमत पाच आकडी येन, म्हणजे आपले सहा-सात हजार. एक बाई आल्या, भिंगातून बघितला आणि घेऊन गेल्या. "थोडे कमी करा ना" नाही, "नेहमीचं गिऱ्हाईक आहे मी" नाही. मी बघतच राहिले.

पण सगळं गोड गोड आहे असं नका समजू. बहुतेक ठिकाणी काम करणारे हात म्हातारेच दिसतात. म्हणून गावाने १९८९ पासून टेकडीवर उतात्सुयामा नावाची एक कार्यशाळा चालवलीये, माती, लाख, कापडरंगाई, धातू आणि काच, आणि तिथे शिकणाऱ्या मुलांना उलट शिष्यवृत्ती मिळते. आपल्याकडे येवल्यात-पैठणला विणकराच्या पोराला अशी सोय असती तर किती बरं झालं असतं. आणि इथून वर नोतो भागात वाजिमा म्हणून गाव आहे, लाखेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात तिथल्या कितीतरी कारागिरांची घरं आणि कार्यशाळा गेल्या, जुना बाजार जळाला. इथल्या दुकानात त्यांचे वाडगे दिसले की लोक मुद्दाम घेतात.

सोन्याचं तर सांगायचंच राहिलं, आईला हे नक्की वाचून दाखवा. जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख या एकाच गावात बनतो, जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. बोटाने उचलायला गेलात तर बोटालाच चिकटून बसतो, म्हणून बांबूचा चिमटा आणि हलकीशी फुंकर. आईस्क्रीमवर अख्खा पत्रा लावून देतात, सगळे फोटो काढून खातात. चवीला काही नाही, मी तरी परत घेणार नाही. गंमत मला त्या कागदाची वाटली. वर्ख ठोकताना मध्ये जो कागद घालतात तो ठोकून ठोकून इतका मऊ होतो की पूर्वी गेइशा बायका तोच चेहऱ्यावरचं तेल टिपायला वापरायच्या, आणि आता त्याच नावाने टिपकागदाची पाकिटं विकतात. आईला दोन पाकिटं घेतलीत.

तुमच्यासाठी काय घेतलंय ते पण सांगूनच टाकते, माझ्या पोटात काही राहत नाही. रेशमी दोऱ्याची अंगुस्तान. किमोनो शिवणाऱ्या बायका उरलेल्या दोऱ्यांतून स्वतःसाठी करायच्या, अंगठीसारखी गोल, आतून पॅडिंग आणि वरून तिरप्या टाक्यांची खवल्यांसारखी नक्षी. सुई ढकलताना टोचू नये म्हणून मधल्या बोटात घालायची. वापरायला मन होणार नाही पण वापरा. रेशमी दोऱ्याचे चेंडू पण मिळतात, तेमारी, लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला आई असा चेंडू करून द्यायची पद्धत आहे इकडे. आपल्या चिऊला एक आणते, पण तिला खेळायला देऊ नका हां, नाहीतर संध्याकाळपर्यंत सुटा दोरा हातात येईल.

मार्चमध्ये येतेय. भरतकामाच्या सुया आणि पीळ न घातलेलं रेशीम आणायचा विचार आहे, कोणते रंग हवेत ते कळवा, मोरपिशी तर घेतेच. दादाला म्हणावं दुकानातली ती ट्यूबलाईट बदल, तुमचे डोळे जातील. बाबांना आणि आजीला नमस्कार, चिऊला पापा.

आणि हो, त्या बँकेतल्या मॅडम परत आल्या आणि ब्लाउजच्या पाठीवरचा मोर दीड हजारात भरून मागायला लागल्या, तर यावेळी नाही म्हणा.

तुमची,
ताई