मूळ अवयव अर्ध्यावर सुटतात

मा. संपादक,

शिष्यवृत्ती आणि नवोदय परीक्षांसाठी कोकणातल्या वाड्यावाड्यांतली मुले जीव तोडून तयारी करतात. मूळ अवयवांची उभी मांडणी त्यांना चांगली येते. गुण जातात ते भागाकार लवकर थांबवल्यामुळे.

1092 घ्या. 2, 2 आणि 3 ने भागल्यावर 91 उरतात आणि मूल तिथेच रेघ ओढते. 2, 3, 5 च्या कसोट्या पाठ असतात, 7 ने मात्र भागूनच पाहावे लागते. म्हणून 91 मूळ संख्या वाटते. खरे तर 91 = 7 × 13. पुढे ‘1092 चे एकूण विभाजक किती?’ असे विचारले की चूक दुप्पट होते. 1092 = 2² × 3 × 7 × 13. प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणायचे: 3 × 2 × 2 × 2 = 24. 91 तसेच ठेवले तर येतात 12, आणि पर्यायांत 12 दिसले की मूल निर्धास्तपणे तोच गोल रंगवते.

थांबायचे कुठे, हे शिकवायलाच हवे. ज्या मूळ संख्येचा वर्ग उरलेल्या संख्येपेक्षा मोठा, तिथे थांबावे. 91 साठी 2, 3, 5, 7 पुरेत, कारण 11 चा वर्ग 121. 119, 133, 143, 161, 221 याच जातीच्या फसव्या. 51, 57, 87 तर अंकांची बेरीज केली तरी पकडता येतात.

शाब्दिक उदाहरणांत घोटाळा वेगळा. 84 हापूस आणि 126 पायरी. प्रत्येक पेटीत एकाच जातीचे, सारखेच आंबे. कमीत कमी किती पेट्या? 84 = 2² × 3 × 7, 126 = 2 × 3² × 7, मसावि 42. पण 42 हे एका पेटीतले आंबे; पेट्या 2 + 3 = 5. बरीच मुले 42 वरच थांबतात, काही लसावि काढून 252 लिहितात. हातात 210 आंबे असताना पेटीत 252 कुठून येणार, एवढे विचारले तरी मूल स्वतःच चूक सुधारते.

‘लसावि × मसावि = संख्यांचा गुणाकार’ हे सूत्र दोनच संख्यांसाठी आहे, हेही बजावावे. 12, 18, 30 चा लसावि 180, मसावि 6, गुणाकार 1080. तिन्ही संख्यांचा गुणाकार मात्र 6480.

शिक्षक-पालकांना कळकळीची विनंती, सराव पेपर तपासताना नुसते गोल मोजू नका. कच्च्या कामातली अवयवांची शेवटची ओळ पाहा.

– एक गणित शिक्षक, राजापूर (जि. रत्नागिरी)