वह्या रद्दीत दिल्या नाहीत

मंगळवार पेठ, कोल्हापूर

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आधी कबुली. तुम्ही फोनवर सांगितलंत तरी तुमच्या वह्या रद्दीत दिल्या नाहीत. माळ्यावर गळायला लागलं म्हणून खाली काढल्या आणि दिवाणावर पंख्याखाली पसरल्यात. घरभर ओल्या कागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. पंचगंगा काल ३७ फुटांवर होती, आज जरा उतरलीय. दादाला सांगा, घोर लावून घेऊ नको. आपल्या गल्लीत पाणी येत नाही, हे तो पुण्यात जाऊन विसरलाय.

हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत तुम्ही शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातले देशी ताल उतरवलेत. आकडे १२० पर्यंत, पण शेवटी शेवटी नुसती नावंच. समासात पेन्सिलीनं लिहिलंय, ‘आता कोण वाजवतंय!’ मी सहज त्यातलं ‘लक्ष्मीश’ मोबाइलवर शोधलं, तर देवळांच्या गर्दीतून एक फ्रेंच संगीतकार निघाला. ओलिव्हिये मेसियां. महिनाभर रोज रात्री त्यांचंच ऐकतेय.

जन्म १९०८चा, आव्हिन्योंचा. १९३१पासून १९९२ला जाईपर्यंत पॅरिसच्या एकाच चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. या १२० तालांचा तक्ता त्यांना एका फ्रेंच संगीतकोशात मिळाला. ना गुरू, ना गंडा! आणि ग्रंथ कुठला, तर देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी लिहिलेला. ज्यानं पन्हाळ्याच्या भोजाचं राज्य घेतलं, तोच हा सिंघण. म्हणजे आपलं जुनं येणं आहे म्हणायचं.

१९४०मध्ये ते जर्मनांच्या हाती लागले. गोरलित्सच्या युद्धकैद्यांच्या छावणीत क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे तिघे बरोबर होते, पियानोवर स्वतः बसले, आणि १५ जानेवारी १९४१ला कडाक्याच्या थंडीत कैद्यांसमोर त्यांचं नवं क्वार्टेट वाजलं. पुढं ते सांगायचे, श्रोते पाच हजार होते आणि चेलोला तीनच तारा होत्या. चेलो वाजवणारे पास्किये म्हणायचे, चारही होत्या हो! श्रोतेही काहीशेच असावेत. बाबा, तुमच्या जोतिबाच्या मैफिलीतली माणसं दरवर्षी वाढतात, त्यातलाच प्रकार.

त्या क्वार्टेटच्या पहिल्या भागात पियानोच्या लयीला तुमच्या वहीतले तीन ताल जोडून बसवलेत: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. लयीचे १७ तुकडे फिरत राहतात, स्वरसमूह मात्र २९. सतरा आणि एकोणतीस! दोघं पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ ठोके लागतील, आणि त्याच्या कितीतरी आधी वादन संपतं. तुम्ही म्हणाल, याला ताल म्हणत नाहीत. खरंय. ठेका नाही, आवर्तनाची समही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हात कुठं टाकावा कळेना. चौथ्यांदा हात टाकायचा नादच सोडला, मग ऐकू आलं.

त्यांना ढेंकी फार आवडायचा. तुमच्या वहीत ५८वा: गुरू, लघू, गुरू. दोन, एक, दोन. उलटा वाजवला तरी तोच. आई, तुझं ‘चिमा काय कामाची’ आहे ना, तसं. अशा उलट-सुलट सारख्या लयी ते मुद्दाम रचायचे.

आणि आई, पाखरांच्या बाबतीत ते तुझ्याच पंथातले. वही-पेन्सिल घेऊन पहाटे रानात बसायचे आणि पक्ष्यांचं गाणं स्वरलिपीत उतरवायचे. आपला पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो हे तू त्यांना सांगितलं असतंस, तर त्यांनी तुला दहा वेळा म्हणायला लावलं असतं.

पण बाबा, पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. हा माणूस १९४१ ते १९७८ पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत शिकवत होता. पुढं मोठे संगीतकार झालेले बुलेझ आणि श्टॉकहाउझेन त्यांच्याच वर्गातले. १९५१च्या सुमाराला यानिस क्सेनाकिस नावाचा तिशीला टेकलेला ग्रीक इंजिनिअर आला. ल कॉर्ब्युझिएच्या, म्हणजे चंडीगडवाल्याच्या, कचेरीत नोकरीला. हार्मनीचे धडे पहिल्यापासून गिरवू का, म्हणून विचारायला. मेसियां म्हणाले, नको. तुला गणित येतं, वास्तुकला येते, तेच संगीतात आण. पुढं त्यानं खरंच तेच केलं.

हे वाचलं आणि मला तो गंगावेशीतला हलगीवाला पोरगा आठवला. मागच्या वर्षी तबला शिकायला आला होता. ‘हलगीनं हात बिघडलाय, आधी तो मोडावा लागेल,’ असं म्हणून तुम्ही त्याला परत लावलंत. नंतर दोन दिवस तुम्ही धड जेवला नाहीत, हे आईनं मला सांगितलंय.

परवा तो पुन्हा आला होता. पावसात हलगी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. तुम्ही पुण्याला आहात म्हटल्यावर जायला निघाला, मीच थांबवला. वही उघडून ढेंकी दाखवला. त्यानं दोनदा तोंडानं म्हटला, मग चुलीवर हलगी शेकली आणि असा काही कडकडाट केला की खालच्या काकू जिन्यातून ओरडल्या. तिसऱ्या फेरीला त्यानं मधल्या लघूवर काठीनं काहीतरी बारीक केलं. ते मला लिहिता येत नाही, तुम्हीच बघा.

रविवारी चारला तो पुन्हा येतोय. दादाच्या टॅबवर फोन लावीन, चष्मा आधी शोधून ठेवा.

आई, चटणीची बरणी तळाला लागलीय. पुण्यातनं आणू नकोस, तू आल्यावर बघू.

तुमची,
बेबी