वाचनाचा तास द्या, वाचनाचा तक्ता मागू नका

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून आपलं खातं सतत काही ना काही करत असतं. कधी सप्ताह, कधी पंधरवडा, कधी स्पर्धा आणि प्रमाणपत्रं. त्यामागचा हेतू चांगला आहे हे आम्ही शिक्षक जाणतो. पण या सगळ्याचा शेवट एका तक्त्यात होतो. कोणत्या मुलाने किती पुस्तकं वाचली ते भरा, फोटो जोडा, गोषवारा पाठवा. हा तक्ता बंद व्हावा म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. वर्गात रोज वीस मिनिटं वाचनासाठी राखून द्या आणि त्या वीस मिनिटांचा हिशेब मागू नका.

यामागे कारण आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता ते नंतर दिलं, आणि काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात पुन्हा मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या मानाने जेमतेम निम्माच वेळ त्यांच्यासोबत घालवला. बाकीच्यांची आवड कमी झाली नव्हती. जी गोष्ट मूल आपल्या आनंदासाठी करतं, तिच्यापुढे बक्षीस टांगलं की मूल ती बक्षिसासाठी करू लागतं.

वाचनाच्या स्पर्धेत हेच घडतं. पुस्तकांची संख्या मोजली जाणार हे कळल्याबरोबर मुलं सगळ्यांत बारीक पुस्तक शोधतात. ज्याला एकच जाड पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचं असतं, तो तक्त्यात शेवटी राहतो. आणि माझ्या मते वर्गातला सगळ्यांत पक्का वाचक तोच असतो.

मग मुलांना वाचायला लावायचं कसं? वर्गात जे चालतं ते सांगते. पहिली गोष्ट अगदी जुनी आहे, शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवणं. प्राथमिक वयात मुलाला ऐकून जेवढं समजतं, तेवढं स्वतः वाचून समजत नाही. अक्षरं जुळवण्यातच त्याची सगळी शक्ती जाते. म्हणून जी गोष्ट त्याला स्वतःहून वाचणं अजून जड आहे, ती त्याला ऐकवायची. राक्षसाचा आवाज राक्षसासारखा, उंदराचा उंदरासारखा. घाई करायची नाही, आणि ऐन मोक्याला थांबायचं. दार उघडलं, आत पाहिलं तर... आणि पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचं. मधल्या सुट्टीत त्या टेबलाभोवती जी गर्दी होते, ती कोणत्याही परिपत्रकाने होणार नाही. एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुलंही तिथे असतात. एक जण वाचतो, चौघं त्याच्या खांद्यावरून डोकावतात, अडलेला शब्द सगळे मिळून सोडवतात. चौथीच्या मुलांनाही वाचून दाखवावं. आता त्यांना वाचता येतं म्हणून शिक्षक वाचून दाखवणं बंद करतात, तिथेच अनेक मुलांचा पुस्तकांशी संबंध तुटतो. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं मात्र नकोत. ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो?’ हे ऐकलं की मुलांचे चेहरे लगेच बदलतात.

दुसरी गोष्ट नाट्यवाचन. एस. जे सॅम्युअल्स या अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक साधी पद्धत मांडली. तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचला की वेग वाढतो, चुका कमी होतात, आणि नवा उतारा हाती घेतानाही त्याचा फायदा दिसतो. अडचण एवढीच, की ‘तेच परत वाच’ म्हटल्यावर कोणतंही मूल ‘वाचलंय की बाई!’ असंच म्हणणार. त्याच उताऱ्याचे संवाद करून वाटून दिले की मात्र मुलं स्वतःहून आठ-दहा वेळा वाचतात. पाठांतर नाही, वेशभूषा नाही, कागद हातात धरूनच वाचायचं, फक्त आवाजाने उभं करायचं. लाजऱ्या मुलाला आधी एकाच ओळीचा पोपट द्यावा. पुढच्या वेळी तोच येऊन मोठा भाग मागतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जवळची, मुलांची स्वतःची पुस्तकं. मूल सांगतं, शिक्षक त्याच्याच शब्दांत लिहून घेतो, मूल चित्र काढतं, पानं शिवली की पुस्तक तयार. ते त्याला वाचता येतं, कारण त्यातला प्रत्येक शब्द त्याच्याच तोंडचा असतो. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी हीच वाट धरली होती. आज तुला कोणता शब्द हवा, असं त्या प्रत्येक मुलाला विचारत आणि तो कार्डावर लिहून देत. भूत, आई, भांडण असे भीतीचे आणि मायेचे शब्द मुलं एका नजरेत ओळखू लागत. छापील पाठातले सपक शब्द मात्र पुन्हा पुन्हा घोटूनही विसरत. वर्गातल्या मुलांनी लिहिलेली पुस्तकं फळीवर ठेवून पाहा, बाहेरून आलेल्या पुस्तकांपेक्षा ती आधी झिजतात.

बाकी लहानसहान युक्त्या पुष्कळ आहेत. फळ्यावर रोज एक कोडं आणि त्याचं उत्तर वर्गातल्या कुठल्यातरी पुस्तकाच्या पानात. चिठ्ठ्यांवरून चिठ्ठ्या शोधत जायचा खजिना. कागदात गुंडाळलेलं पुस्तक, वर फक्त तीन शब्दांचा सुगावा. टेबलाखाली चादर लावून केलेली वाचनगुहा. मोठ्या वर्गातल्या कच्च्या वाचकाने पहिलीतल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवणं, म्हणजे त्याला सोपं पुस्तक वाचण्याची लाज वाटत नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ पासून मुलं प्रशिक्षित कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात. कुत्रा चूक काढत नाही, घाईही करत नाही. आपल्या वर्गात कुत्रा नसेल, पण तसं ऐकून घेणारा श्रोता मिळवणं अवघड नाही.

आणि विषय मुलाचा असू द्या. १९८८ साली डोना रेश्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण खेळातलं जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्याला किड्यांचं वेड आहे त्याला किड्यांचं पुस्तक द्या, मग तो अवघड जोडाक्षरांनाही जुमानत नाही. विनोद, चित्रकथा, सामन्यांची वर्णनं, यंत्रांची माहितीपत्रकं, हे सगळं वाचनच आहे. बोधकथांचे गठ्ठेच्या गठ्ठे पाठवताना एवढं ध्यानात असावं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण गंमतीच्या नावाखाली ती विसरली जाते. ज्या मुलाला अजून अक्षरं जुळवताच येत नाहीत, त्याच्या हातात पुस्तक देऊन ‘वाच, मजा येईल’ म्हणणं ही शिक्षा आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या संशोधकांनी १९८६ साली वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार असल्याचं मांडलं, अक्षरं उलगडणं आणि भाषा समजणं. एक शून्य असेल तर दुसरं कितीही असून उत्तर शून्यच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीनेही २००० साली म्हटलं, की मुलांना नुसतं मूक वाचनाला बसवल्याने वाचन सुधारतं, असं म्हणायला पुरेसा आधार नाही. म्हणून काना, मात्रा, वेलांटी नीट शिकवण्याचा तास वेगळा हवा आणि तो कापून हा वाचनाचा वेळ काढू नये. वीस मिनिटांत अशी मुलं ऐकतील, चित्रं वाचतील, जोडीदाराबरोबर बसतील. शिक्षक त्यांच्याजवळ बसेल. एका वर्गात मुलं जास्त असतील तर हे जमत नाही, तेव्हा शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न या पत्राबाहेरचा समजू नये.

जपानमध्ये १९८८ साली चिबा प्रांतातल्या एका शाळेत सकाळी दहा मिनिटांचं वाचन सुरू झालं आणि तिथून ते देशभर पसरलं. नियम फक्त चार. सगळ्यांनी वाचायचं, रोज वाचायचं, आपल्याला आवडेल ते वाचायचं, आणि फक्त वाचायचं. शिक्षकही वाचतात. सारांश लिहायचा नाही, अभिप्राय द्यायचा नाही. तिथल्या लोकांना हा चौथा नियम का लागला असेल हे आम्हा शिक्षकांना चांगलं समजतं.

आता पुस्तकांबद्दल. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला पहिलाच आहे, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. मध्ययुगीन युरोपातल्या ग्रंथालयांत ती साखळीने बांधून ठेवत. शाळांमध्ये साखळी नसते, कपाटाचं कुलूप असतं. ते कुलूप शिक्षक हौसेने लावत नाहीत. पुस्तक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेलं असतं, आणि फाटलं, हरवलं तर जाब शिक्षकालाच द्यावा लागतो. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हातात पुस्तक गेलं की ते फाटणारच. तेव्हा दरवर्षी काही पुस्तकं झिजून, हरवून बाद होणार हे गृहीत धरून त्यांचं निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करणं, मुख्याध्यापकांच्या सहीने व्हावं, असा स्पष्ट आदेश काढा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. कपाटांची कुलपं त्याच आठवड्यात उघडतील.

आपल्या अधिकाऱ्यांना शाळेत येऊन वाचन पाहायचंच असेल तर जरूर यावं. मात्र रजिस्टर मागू नये. त्या वीस मिनिटांत एखाद्या मुलाजवळ खाली बसावं आणि त्याला विचारावं, ‘तू वाचतोयस ते मला वाचून दाखवशील का?’ मूल अडखळलं तर लगेच दुरुस्त न करता थांबावं. मग स्वतःही एक पान वाचून दाखवावं. वर्गात वाचन होतं की नाही, हे त्यांना तेवढ्यात कळेल.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका