सत्कार बालदिनी व्हावा, आणि गावात व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन आणि जगभर मधुमेह दिन. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून पुणे जिल्ह्यात सत्तावीस वर्षे काम करताना या दोन दिवसांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. तो संबंध पुणे परिसरातल्याच बाळांची मापे घेऊन जगापुढे मांडणारे रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा गौरव कसा व्हावा, याविषयी हे पत्र आहे.

आमच्या कामात वजनकाट्याला फार महत्त्व. काट्याला झोळी अडकवायची, बाळाला अलगद तिच्यात ठेवायचे, ते रडायचे थांबून काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून पाहायचे आणि आकडा नोंदवहीत लिहायचा. जन्माचे वजन अडीच किलोच्या आत असले की ‘कमी वजनाचे’ असा शेरा पडे आणि आईला आमचा ठरलेला सल्ला मिळे, की बाळ लवकरात लवकर गुटगुटीत झाले पाहिजे. सुदृढ बालक स्पर्धेत मी स्वतः परीक्षक म्हणून बसले आहे. गालांना खळ्या आणि मनगटाला वळ्या असलेल्या बाळाला पहिला क्रमांक देताना मनात कधी शंका आली नाही.

त्याच काळात, १९९३ मध्ये, केईएमच्या मधुमेह विभागाने इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांसह पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मातृ पोषण अभ्यास’ सुरू केला. त्या गावांतल्या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन होते जेमतेम ४२ किलो. शेतातली कामे, पाणी भरणे, धुणी हे सारे दिवस भरेपर्यंत चालूच. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. इथपर्यंत आमच्या नोंदवहीलाही ठाऊक होते. पण या मंडळींनी वजनावर न थांबता बाळाच्या खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा चिमटीत धरून तिची जाडी मोजली. लांबी, डोके, दंड, पोट ही सारी मापे इंग्रज बाळांपेक्षा बरीच कमी भरली, मात्र त्या जागची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारे इन्शुलिनही नाळेच्या रक्तात जास्त आढळले. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबी बाळगणारे हे बाळ वैद्यकीय जगात ‘थिन-फॅट’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

मोठ्या माणसांच्या बाबतीत तेच दाखवणारे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. माझ्या धाकट्या भावाला एकोणचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हा ‘काडीसारख्या माणसाला साखर कशी होईल’ म्हणून घरच्यांनी दोनदा रक्त तपासून घेतले होते. मधुमेह म्हणजे खात्यापित्या घरचा आजार, हीच आमची पक्की समजूत. ते छायाचित्र मी पुढे फार उशिरा पाहिले आणि भावाची आठवण झाली.

मला सर्वांत अंतर्मुख केले ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने. केईएममध्ये जन्मलेली ४७७ मुले आठ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा शरीर इन्शुलिनला दाद न देण्याचे, म्हणजे मधुमेहाकडे नेणाऱ्या दोषाचे, प्रमाण सर्वाधिक आढळले ते जन्मतः लहान असून पुढे झपाट्याने वाढलेल्या मुलांत. म्हणजे आम्ही ज्यांना हौसेने बक्षिसे देत होतो, त्यांतलीही काही. कुपोषण हटवणे चुकीचे होते, असे मी मुळीच म्हणत नाही. पण ‘गुटगुटीत’ या एका शब्दात आम्ही फार काही गृहीत धरले होते.

आईच्या आहाराचा धागा डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुढे बी-१२ जीवनसत्त्वापर्यंत नेला. ते मिळते दूध, अंडी, मांस-मासळीतून, भाजीपाल्यातून नाही. अभ्यासातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींत ते कमी आढळले. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक आम्ल ज्याचा एक प्रकार आहे ते जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनचा हा दोष सर्वांत ठळक दिसला. पुढे त्याच मुलामुलींना वयात येताना बी-१२ देऊन त्यांच्या बाळांवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचे काम या गटाने हाती घेतले. आम्ही वर्षानुवर्षे वाटत आलेल्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. ते असावे की नाही हे तज्ज्ञांनी ठरवावे. पण जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत हा प्रश्न निदान चर्चेला यायला हवा.

देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नोंदले गेले. त्यावर उपचार करणारे निष्णात डॉक्टर पुण्यात पुष्कळ आहेत. रोगाचे मूळ शोधत आईच्या पोटापर्यंत जाणारा आणि तीन दशके त्याच गावांशी नाते टिकवणारा डॉक्टर विरळा. परंतु सभागृहातली शाल, श्रीफळ आणि मानपत्र या कामाला पुरे पडणार नाही. घरोघर जाऊन पाळीच्या तारखा विचारणाऱ्या, आडवेळी बाळंतपणाचा निरोप आला की काटा घेऊन निघणाऱ्या क्षेत्र कार्यकर्त्या, आणि हातचे काम टाकून वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिलेल्या माता, यांच्यावाचून यातला एक आकडाही उभा राहिला नसता.

म्हणून माझी विनंती आहे, की पुणे जिल्हा परिषदेने हा सत्कार येत्या बालदिनी त्या सहांपैकी एखाद्या गावात, अंगणवाडीच्या अंगणात करावा. पहिल्या रांगेत १९९३ नंतरच्या त्या माता, आता तिशीच्या आसपासची त्यांची मुले आणि कडेवरची नातवंडे बसावीत. डॉक्टरांनी भाषणाऐवजी त्यांच्या मापांतून काय कळले, ते त्यांना त्यांच्या बोलीत सांगावे. त्या वर्षी तालुक्यात सुदृढ बालक स्पर्धा ठेवायची असेल, तर तिचे निकष आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, सहकारनगर, पुणे